आधी बिबट्या, मग रूपक

खारघरच्या टेकडीवर बिबट्या दिसल्याची वार्ता वर्षा-दोन वर्षांतून एकदा आमच्या महाविद्यालयापर्यंत येऊन पोहोचते. या वेळी ती एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवरून आली. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, रात्रीची वेळ, मोटारीच्या दिव्यांचा झोत, रस्त्याच्या कठड्यावर बसलेला आणि क्षणात पलीकडच्या झाडीत उतरून जाणारा एक ठिपक्यांचा प्राणी. सोबत मजकूर : 'खारघर हिल, काल रात्री साडेअकरा. सर्वांना कळवा.' मधल्या सुट्टीपर्यंत अध्यापक-कक्षात तीन पक्ष तयार झाले होते. पहिल्या पक्षाने चित्रफीत आपापल्या सोसायटीच्या गटांवर पाठवूनही दिली होती. दुसरा पक्ष शास्त्रनिष्ठांचा. 'नवी मुंबईत कुठला आलाय बिबट्या? लोकांना उद्योग नाहीत,' एवढे म्हणून तो चहाकडे वळला. तिसरा पक्ष आमच्या, म्हणजे साहित्याच्या लोकांचा होता. त्याचे म्हणणे असे की, बिबट्या खरा की खोटा हा प्रश्नच गौण आहे; डोंगर पोखरून वसवलेल्या शहराच्या मनात दडलेल्या अपराधभावाचे ते रूपक आहे आणि त्या दृष्टीने ही 'संहिता' वाचली पाहिजे. चर्चासत्रासाठी निबंधाचे शीर्षकही सुचवले गेले.

पहिल्या पक्षाशी आमचे फारसे भांडण नाही. भ्यालेला माणूस शेजाऱ्याला हाक मारतो. त्यात अविवेक असेल, अप्रामाणिकपणा नसतो. आमचे भांडण उरलेल्या दोन पक्षांशी आहे. 'अफवा' म्हणून हात झटकणारे आणि 'रूपक' म्हणून हात जोडणारे एकमेकांना विरोधक समजतात. प्रत्यक्षात दोघेही एकच गोष्ट टाळतात. ज्याने काही पाहिले, त्याच्याकडे जाऊन 'नेमके काय पाहिलेस?' असे विचारायचे कष्ट दोघांनाही नको असतात. ज्यांचा व्यवसायच निवेदकाला प्रश्न विचारण्याचा आहे, त्या साहित्याच्या अध्यापकांनी हे कष्ट टाळावेत, याची आम्हाला अधिक लाज वाटते.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करू. बिबट्या दिसल्याच्या वार्तांपैकी पुष्कळ चुकीच्या असतात. अंधारात अंतराचा अंदाज चुकतो, आणि अंतर चुकले की आकारही चुकतो. दहा पावलांवरचे रानमांजर तीस पावलांवर आहे असे वाटले, तर त्याचा बिबट्या व्हायला वेळ लागत नाही. प्रकाशझोतात कुत्र्याचे डोळेही चमकतात आणि उदमांजराचेही. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या तिवरांत सोनेरी कोल्हे राहतात. ते रात्री रस्त्यावर येतात आणि ज्याने कोल्हा कधी पाहिलेला नाही त्याला ते काय वाटतील, याचा नेम नाही. यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांची भर पडली आहे. २०२५ च्या अखेरीस पुणे परिसरात बिबट्यांची अशी बनावट चित्रे इतकी पसरली की ती पसरवू नयेत असे इशारे यंत्रणेला द्यावे लागले.

शिवाय वस्तू अस्सल असूनही साक्ष खोटी ठरू शकते. इंग्लंडच्या बॉडमिन मूर या माळरानावर मोठे मांजर वावरते, अशी वदंता होती. १९९५ मध्ये तिथल्या कृषिखात्याने चौकशी करून असे प्राणी असल्याचा पडताळता येईल असा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष दिला. ते नाहीतच असे सिद्ध करता येणार नाही, हेही नमूद केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मुलाला तिथल्या नदीत कवटी सापडली. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने ती तपासली. कवटी खरोखरच बिबट्याची होती. परंतु तिच्या आत उष्ण कटिबंधातल्या झुरळाची अंडकोशिका होती आणि कवटीवरच्या खुणा सांगत होत्या की ती बिबट्याच्या कातडीच्या सतरंजीला जोडलेली होती. बिबट्या खरा, जागा खोटी. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रफितीचेही तेच झाले. तीच चित्रफीत पूर्वी दुसऱ्या दोन घाटांच्या नावांनी फिरून गेली होती, हे त्यानेच संध्याकाळपर्यंत शोधून काढले.

मग शास्त्रनिष्ठांचा पक्ष जिंकला का? आम्हाला तसे वाटत नाही. एक चित्रफीत खोटी ठरली म्हणून 'इथे बिबट्या असणे शक्य नाही' हे विधान खरे ठरत नाही. ते स्वतंत्र विधान आहे आणि त्यालाही पुरावा लागतो. या पक्षाकडे असलेला पुरावा बहुधा एकच : 'आम्ही इतकी वर्षे इथे राहतो, आम्हाला कधी दिसला नाही.' हा पुरावा किती दुबळा आहे हे महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे.

२००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नराला वनखात्याने बाहेर काढले. संशोधक विद्या अत्रेय यांच्या प्रकल्पात त्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला गेला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला आणि २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही आला. त्याने महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतर तोडले. कसारा स्थानकाच्या परिसरातून गेला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, तुंगारेश्वरच्या रानात राहिला, वसईची खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत उतरला. वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. गळ्यातला पट्टा नसता तर या प्रवासाची हकिगत कोणाला कळली नसती, आणि कसाऱ्याच्या एखाद्या प्रवाशाने 'फलाटापलीकडे बिबट्या पाहिला' असे सांगितले असते, तर त्याची टिंगलच झाली असती. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने आजोबा मेला.

दुसरे उदाहरण अकोल्याचे. विदर्भातल्या नव्हे, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या उसाच्या, वस्त्यांच्या मुलखात स्वयंचलित कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, दर चौरस किलोमीटरला साडेतीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि तेवढीच तरसे होती. जंगल नाही, हरणे नाहीत. खाद्य मुख्यतः कुत्री आणि इतर पाळीव जनावरे. मुंबईतल्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून किंचितच अधिक आहे. तिथे आणि लगतच्या भागात निकित सुर्वे यांनी २०१५ मध्ये केलेल्या कॅमेरा-नोंदींत ३५ बिबटे ओळखले गेले. २०१८ च्या अभ्यासात हा आकडा ४७ झाला. या उद्यानाला चिकटून लाखो माणसे राहतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात एकदाही बिबट्या दिसत नाही.

खाडी ओलांडून ठाण्यात आले तर २०१९ च्या फेब्रुवारीत बिबट्या समतानगरच्या कोरम मॉलमध्ये शिरला होता. सुरक्षा-कॅमेऱ्यांत तो दिसला आणि नंतर जवळच्या हॉटेलच्या तळघरात पकडला गेला. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला तो इमारतीच्या जिन्यात होता. या दोन घटनांच्या आदल्या दिवशी कोणी तसे भाकीत केले असते, तर आमच्या शास्त्रनिष्ठ मित्रांनी काय उत्तर दिले असते?

जगातही हेच दिसते. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने २०११ च्या मार्चमध्ये पूर्वेकडचा प्यूमा नामशेष झाल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या कनेक्टिकट राज्यात प्यूमा पाहिल्याचे लोक सांगू लागले आणि काही दिवसांतच एका मोटारीखाली प्यूमा मेला. आधी तो कोणाचा तरी पाळलेला असावा, असा अधिकाऱ्यांचा कयास होता. जनुकीय तपासणीत तो दक्षिण डाकोटातल्या ब्लॅक हिल्स भागातल्या प्यूमांचा निघाला. अडीच हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून तो आला होता. इथे खात्याचा निष्कर्षही चूक नव्हता, कारण पूर्वेकडची मूळची वस्ती संपलेलीच होती. आणि पाहणाऱ्यांची साक्षही चूक नव्हती. 'इथे प्यूमांची वस्ती नाही' आणि 'काल इथून एक प्यूमा गेला' ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. आमच्याकडच्या वादात ही दोन वाक्ये सतत एक मानली जातात आणि अर्धे भांडण त्यातून उद्भवते.

उरलेले अर्धे भांडण भाषेचे आहे, आणि ते तरी आमच्या अधिकारक्षेत्रात यावे. कोकणात आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना 'वाघ' हा शब्द व्यापक आहे. त्यात बिबट्याही येतो. मोठ्या वाघाला वेगळे काढायचे असेल तर लोक 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' असे विशेषण लावतात. नुसता 'वाघ' म्हणजे पुष्कळदा बिबट्याच. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांतल्या वारल्यांचा वाघोबा वाघाच्या आणि बिबट्याच्याही रूपाने उभा असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदली गेली आहेत. वसुबारसेच्याच दिवशी आदिवासी वाड्यांवर वाघबारस साजरी होते. अशा वाडीतला माणूस 'वाघ दिसला' असे म्हणतो, तेव्हा तो आपल्या बोलीत अचूक बोलत असतो. प्रमाण मराठीतला अधिकारी आणि वार्ताहर त्या शब्दाचा अर्थ पट्ट्यांचा वाघ असा करतात, 'या भागात वाघ नाहीत' असे उत्तर देतात आणि एक खरी साक्ष शब्दकोशाच्या उंबरठ्यावर मरते. गंमत अशी की, ठिपके पाहताच सर्रास 'चित्ता' म्हणणारे शहरी लोक याच साक्षीदाराला अडाणी ठरवतात. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष घोषित झाला आणि २०२२ मध्ये नामिबियातून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडला गेला. ठाण्या-रायगडात तो कोठून येणार? बोलीतला 'वाघ' चूक आणि शिकलेल्याचा 'चित्ता' क्षम्य, हा न्याय भाषेचा नाही. तो प्रतिष्ठेचा आहे.

प्रतिष्ठेचा हा प्रश्न आम्हाला त्या चित्रफितीच्या निमित्तानेच नीट कळला. पावसाळ्यात टेकडीवरच्या ठाकरवाडीतून रानभाज्या घेऊन खाली येणाऱ्या एका बाईंना आम्ही ती दाखवली. त्यांनी दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, 'मास्तर, ह्यो आमचा डोंगर नाय. आमच्या वाटेला असा कठडा कुठं हाये?' आम्ही विचारले, वाघ येतो का मग? त्या म्हणाल्या, 'सासरा सांगायचा वाघाचं. म्या नाय बघितला.' विद्यार्थ्याला जे शोधायला संध्याकाळ लागली, ते या बाईंनी एका मिनिटात सांगितले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांत त्यांनी न सांगता फरक केला. आमच्या अध्यापक-कक्षातल्या तिन्ही पक्षांत मिळून तो फरक कोणी केला नव्हता. 'आदिवासी लोक वाघाच्या गोष्टी रचतात' असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, इथे नकाराची साक्ष त्या बाईंनी दिली आणि गोष्ट रचली ती सातव्या-आठव्या मजल्यावरच्या लोकांनी.

साक्षीदाराला बाजूला सारण्यात कधी नुसता आळस असतो, कधी हितसंबंध असतात. त्याचे ठळक उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. गोव्यात वाघ, म्हणजे पट्टेरी वाघ, आहेत की नाहीत हा वाद वर्षानुवर्षे चालला. सत्तरी तालुक्यातले लोक वाघ पाहिल्याचे सांगत. त्या भागात वाघ्रो देवाची पाषाणशिल्पेही आहेत. अधिकृत सूर मात्र असा की, वाघ गोव्याचे नाहीत, शेजारच्या राज्यांतून येणारे पाहुणे आहेत. २००९ मध्ये सत्तरीतल्या केरी इथे एक वाघ मारला गेला. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात गोळावली इथे एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विषाने मेलेली सापडली. पाहुणा एकटा येऊ शकतो. पिल्लांसह राहणाऱ्या वाघिणीला पाहुणी म्हणताना तरी जीभ अडखळायला हवी होती. २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ 'खरा' ठरला की जमिनीवर बंधने येतात. म्हणून तो जितका काळ 'वार्ता' राहील तितका बरा. चार वाघ सापडले ते मेल्यावर. जिवंतपणी त्यांची साक्ष देणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते.

आमच्या शहरातही डोंगर आहेत आणि डोंगरांना किंमत आहे. पारसिकच्या रांगेत दगडखाणी चालल्या, विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली. त्याच विमानतळासाठी जी गावे उठली, त्यांत एकाचे नाव वाघिवली होते आणि दुसऱ्याचे कोल्ही. गावाच्या नावावरून प्राणी सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो आणि तसा दावा करत नाही. खारघरच्या टेकडीवर आज बिबट्या आहे, असाही आमचा दावा नाही. आमचा दावा एवढाच की 'असूच शकत नाही' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ते कोणाच्या सोयीचे आहे, हे विचारले पाहिजे.

इथे कोणी म्हणेल, एवढे गंभीर व्हायचे कारण काय? दिसला तर दिसला, नाही तर नाही. कारण असे की, बिबट्या दिसल्याच्या प्रत्येक वार्तेमागून पिंजऱ्याची मागणी येते, आणि पिंजरा निरुपद्रवी नसतो. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरातून २९ बिबटे पकडून सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या रानांत सोडण्यात आले. त्याचा परिणाम २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे : जिथे त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, तिथे ते सतरा झाले आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला, माणसांच्या हातून पकडला गेलेला प्राणी अधिक धोकादायक ठरला. केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना बिबट्या नुसता दिसला म्हणून त्याला पकडू नये, असे सांगतात ते याच अनुभवामुळे. तेव्हा 'सर्वांना कळवा' म्हणून पुढे ढकललेली खोटी चित्रफीत हा खेळ नव्हे. तिच्या दबावाने लागलेल्या पिंजऱ्यात एखादा निरुपद्रवी बिबट्या सापडतो, दुसरीकडे सोडला जातो आणि ज्या वाडीने कोणाला काही कळवलेले नव्हते तिच्या अंगणात जाऊन पोहोचतो.

उलट बाजूने न ऐकण्याचीही किंमत असते आणि तीही माणसेच देतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले : एक लहान मुलगी, एक वृद्धा आणि एक शाळकरी मुलगा. संतापलेल्या लोकांनी वनखात्याचे वाहन जाळले, महामार्ग अडवला. उसाच्या बांधावर राहणाऱ्या माणसाने 'काल संध्याकाळी इथे होता' असे सांगितले, तर ते वाक्य त्याच संध्याकाळी कोणीतरी तपासावे, यावर लेकराचे अंगणात खेळणे अवलंबून असते. त्याच महिन्यांत बनावट चित्रांचा पूर आला, हा योगायोग आम्हाला क्रूर वाटतो. शंभर खोट्या हाकांच्या गोंगाटात ती एक खरी हाक ऐकू यावी कशी?

आता आमच्या रूपकवादी मित्रांकडे वळू. त्यांच्याविषयी आम्हाला आस्था आहे, कारण आम्हीही कधी काळी त्याच पंगतीत जेवलो आहोत. प्रत्येक वस्तूच्या मागे दुसरी वस्तू पाहण्याची सवय आम्हीच वर्गात लावतो. परंतु रूपक उभे राहायला आधी वस्तू असावी लागते. पिंपरखेडच्या आईला कोणी जाऊन सांगावे की, बिबट्या ही आधुनिकतेच्या दमित भयाची संहिता आहे! जे वाक्य तिच्यासमोर उच्चारता येत नाही, ते चर्चासत्रात उच्चारताना निदान आवाज खाली यावा. शिवाय या वाचनात एक सोयीस्कर चतुराई आहे. 'खरा की खोटा हा प्रश्न गौण' असे म्हटले की आपण कधीच चुकत नाही. बिबट्या निघाला तरी रूपक शाबूत, कुत्रा निघाला तरी शाबूत. जे विधान कशानेही खोटे ठरत नाही, त्यात ज्ञान किती, असा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो. तो स्वतःलाही विचारायला हवा. ठाकरवाडीतल्या बाईंनी 'म्या नाय बघितला' असे म्हणून चुकण्याची जोखीम घेतली. आमच्या निबंधांनी ती घेतलेली नाही.

याचा अर्थ साहित्याच्या माणसाने गप्प बसून हा प्रश्न वनखात्यावर सोपवावा, असा नाही. त्याच्याकडे एक कौशल्य आहे आणि या वादाला नेमके तेच हवे आहे. निवेदक कोण, तो कुठे उभा होता, त्याला काय दिसू शकत होते, काय त्याने ऐकले आणि काय त्याने मागाहून जुळवले, हे प्रश्न आम्ही कादंबरीला विचारतो. तेच बिबट्याच्या साक्षीला विचारावेत. किती अंतरावरून पाहिले? किती वेळ? उजेड कशाचा होता? शेजारी मापाला काय होते, दगड, दुचाकी, कुंपण? शेपूट दिसली का आणि केवढी? नंतर त्या जागी कोणी गेले का? मातीत ठसा होता का, आणि त्यात नखांच्या खुणा होत्या का? कुत्र्याच्या ठशात त्या असतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात सहसा नसतात. या प्रश्नांना पदवी लागत नाही, आणि ते विचारताना साक्षीदाराला खोटेही ठरवावे लागत नाही. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमात संशोधक, वनखाते आणि वार्ताहर एकत्र बसले आणि बिबट्याच्या बातम्यांची भाषा पुष्कळ सावरली. 'नरभक्षकाचा धुमाकूळ' या मथळ्याऐवजी काय घडले ते लिहिता येते, हे तिथे दिसले. भाषेचे हे काम मराठीच्या विभागांनी का करू नये?

लांडग्याची जुनी गोष्ट आपण लहानपणापासून सांगत आलो. तिचे तात्पर्य मुलाने खोटे बोलू नये, एवढेच शिकवले जाते. पण त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखर येतो, आणि मेंढ्या गावाच्या असतात. तिसऱ्या हाकेला टेकडीवर जायला गावाला जे कष्ट पडले असते, ते गमावलेल्या कळपाच्या मानाने थोडे होते. मुलाला शिक्षा करायचीच होती तर ती वर जाऊन, पाहून, खाली आल्यावर करता आली असती.

आमच्या विद्यार्थ्याने शेवटी एक गोष्ट केली, तिची नोंद करून थांबतो. ज्या गटावर त्याने चित्रफीत टाकली होती, तिथेच त्याने लिहिले : 'ही चित्रफीत खारघरची नाही. चूक माझी. कोणी स्वतः काही पाहिले असल्यास जागा, वेळ आणि अंतर लिहावे.' दोनशे लोकांच्या त्या गटात दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी रात्रपाळी करणाऱ्या एका सुरक्षारक्षकाचे उत्तर आले. पहाटे सव्वाचार, कुंपणापलीकडे, वीस-बावीस पावलांवर, रस्त्याच्या दिव्याचा उजेड, चार-पाच सेकंद. कुत्र्यापेक्षा लांब, उंचीने कमी, शेपूट जमिनीपर्यंत येऊन पुन्हा वर वळलेली. ठिपके दिसले नाहीत. 'नक्की काय होतं ते सांगता येत नाही, पण कुत्रा नव्हता.' त्या मजकुरात एकही विशेषण वाया गेलेले नव्हते. आम्ही तो जसाच्या तसा वनखात्याला कळवला आहे. तो प्राणी कोणता होता, हे आम्हाला अद्याप कळलेले नाही.